बरणीतला जिवाणू

प्रोजेक्ट करायला घेतला की प्रोजेक्ट राहतो बाजूला आणि किस्सेच जमतात. माझ्याकडे एका जिवाणूचे जमलेत. तो माणसाच्या आतड्यात राहतो, दोऱ्यासारखा लांब असतो आणि त्याला हवा चालत नाही. विज्ञान प्रदर्शनासाठी मॅडमनी मला तोच दिला. मी हजेरीसुद्धा हळू देते, म्हणून त्यांनी आधीच बजावलं, "परीक्षकांसमोर तू बोलली नाहीस, तर साक्षीला उभं करीन." म्हणजे मॉडेल माझं आणि बोलणार वर्गातली साक्षी.

*

आईला सगळं वाचून दाखवलं. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "म्हणजे जंतच की."

"जंत नाही गं. हा शरीराला पहारा द्यायला शिकवतो."

आईने मान हलवली. जेवायला बसले, तर ताटाशेजारी जंताची गोळी.

*

पप्पा चाकणला कंपनीत पॅकिंगला आहेत. पार्ट गंजू नयेत म्हणून पिशवीतली हवा काढून सील करायची, हे त्यांचं काम. माझा लोकरीचा जिवाणू बघून ते म्हणाले, "याला हवा चालत नाही ना? मग उघडा कसा ठेवलास?" त्यांनी तो काचेच्या बरणीत घातला, झाकणावर टेप मारली आणि स्टिकर लावला : 'उघडू नये. हवा लागल्यास माल खराब.'

"पप्पा, लोकर आहे ती."

"असू दे. प्रोसेस म्हणजे प्रोसेस."

*

मॅडमना विचारलं, "हा चांगला की वाईट?"

"चांगला." मग मोबाईलमध्ये वाचून, "जास्त झाला तर त्रासही देत असेल." मग अजून वाचून, "हे विचारलं तर तू नुसती हस."

*

प्रदर्शनाच्या सकाळी शिपाईकाकांनी माझी बरणी पंख्याखालून उचलून कोपऱ्यात ठेवली. "वारं लागंल त्याला. आत जीव हाय न्हवं?"

लोकर आहे, असं सांगायचं होतं. ओठांपर्यंत आलं, तोवर काका पुढच्या टेबलाकडे गेले.

*

परीक्षक आले. "काय आहे हे?"

मी तोंड उघडलं. आवाज नाही. मॅडमनी साक्षीला खूण केली, ती पुढे सरकली. तेवढ्यात परीक्षकांनी टेप सोलली, झाकण काढलं आणि आत डोकावून पाहिलं.

"सर," मी म्हणाले, "मेला."

साक्षी जागीच थांबली. कोपऱ्यात काकांनी टोपी काढली. परीक्षकांनी घाईघाईने झाकण लावलं, दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरलं आणि हळू आवाजात विचारलं, "सॉरी बेटा. दुसरा आहे का?"