कोळशाच्या गाडीतली झोप

निजामाच्या राज्यात शिरताना करोडगिरीच्या (जकातीच्या) शिपायाने माझ्या पेटीतून एकच वस्तू बाहेर काढली. ती तपकिरी द्रवाची लहान बाटली होती. “अत्तर?” त्याने विचारले. मी “रसायन” म्हणाले. त्याने बूच काढून हुंगले, वास आला नाही, तेव्हा निराश होऊन बाटली परत केली. पुढे पूर्णेला गाडी बदलली. तिथून निघणारा लहान फाटा हिंगोलीला संपतो. रुळांच्या पुढे काळी जमीन, तिच्यावर ज्वारीची ताटे आणि त्यांवर पौषातले मळकट आकाश.

मी येथे का आले ते आधी सांगितले पाहिजे. युद्धामुळे पेट्रोल दुर्मीळ झाले आहे, आणि ठिकठिकाणी मोटारी लाकडी कोळशाच्या वायूवर चालविल्या जात आहेत. कोणत्या लाकडाच्या कोळशापासून अधिक शक्तीचा वायू मिळतो, हा माझ्या प्रबंधाचा विषय. तो मी स्वतः निवडला होता. मुलीने मोटारींच्या भट्ट्या तपासत परमुलखात हिंडावे काय, अशी शंका प्राध्यापकांनी काढली होती. तिला उत्तर म्हणून मी प्रवासाची तारीख कळविली.

हिंगोलीत वडिलांचे चुलतभाऊ वकिली करतात. त्यांच्याकडे उतरले. काकूंनी ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी आणि तुरीचे घट्ट वरण वाढले. वरणात गूळ नव्हता. तो मी मागितला, तेव्हा काकू म्हणाल्या, “पुण्याची माणसं वरणाचं पन्हं करतात,” आणि गूळ दिला नाही.

स्थानकाबाहेर निंबाखाली मोटारवाल्यांचा अड्डा आहे. तेथे उभ्या असलेल्या वाहनांना मोटारी म्हणण्यास त्यांचे मूळ कारखानदार बहुधा तयार झाले नसते. एकीचा मागचा भाग कापून दोन बाके बसविली होती. दुसरीला खोक्यांच्या फळ्यांचे छप्पर होते. प्रत्येकीच्या पाठीला मात्र तेलाच्या पिंपाची भट्टी होती आणि तिच्यातून निघालेले नळ गाडीच्या पोटाखालून पुढे यंत्राकडे गेले होते. मालक एकमेकांच्या गाडीखाली पाठीवर सरपटत शिरत, जोड बोटांनी चाचपत, आणि बाहेर येऊन नावे ठेवीत. हा त्यांचा मोठाच आनंद होता.

धोंडीबा नावाचे जाड मिशांचे गृहस्थ त्यांतले पुढारी. चांगली गाडी कशी ओळखावी, असे मी त्यांना विचारले.

“सवारी झोपली पाहिजे बाई,” ते म्हणाले. “माझ्या गाडीत माणूस सेनगाव यायच्या आत घोरतो. कासमच्या गाडीत त्याच्याही आधी, हे कबूल करावं लागंल. या बाकीच्यांच्या गाडीत हाडं मोजत बसावं लागतं.”

बाकीचे हसले. कासम मिस्त्री हसले नाहीत. ते उंच, कृश, पन्नाशीचे गृहस्थ, गोरेगावचे. हिंगोली ते गोरेगाव सवाऱ्या नेणारी त्यांची गाडी सर्वांत नीटनेटकी होती. मागच्या बाकावर वाऱ्यापासून आडोसा म्हणून मेणकापडाचे पडदे होते. झोपेची ही स्तुती मी त्या दिवशी करमणूक म्हणून टिपून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कासम मिस्त्रींच्या शेजारच्या आसनावर बसून निघाले. कयाधू नदी ओलांडल्यावर रस्ता उंचसखल झाला. दोन्ही अंगांना वेचणी झालेली कापसाची झाडे आणि त्यांत अडकलेल्या कापसाच्या चिंध्या. पळस अजून उघडे होते. वारा इतका बोचरा होता की मागच्या सवाऱ्यांनी पडदे खाली सोडून बांधून घेतले. मागे जवळच्या तांड्यावरच्या सोमलीबाई होत्या, त्यांची सून शांता, आणि हळदीचे दोन व्यापारी.

सेनगावला गाडी बराच वेळ थांबली. सवाऱ्या भरल्याखेरीज पुढे जायचे नाही, असा रिवाज. कासम मिस्त्री चहाला गेले. भट्टी जळतच होती, कारण एकदा विझली की पंखा फिरवून पुन्हा पेटविण्यात फार श्रम. मी जागा सोडून मागे डोकावले. व्यापारी खाली उतरले होते. सोमलीबाई पडद्याच्या फटीशी तोंड करून कोणाशी बोलत होत्या. शांता कोपऱ्यात, भट्टीला पाठ लावून, डोळे मिटून बसली होती.

“हिला मोटार लागली,” सोमलीबाई म्हणाल्या. मोटार लागणे म्हणजे गाडीत मळमळणे. “मागं ऊब हाय. लिंबू दिलंय हुंगायला. झोपंल जराशी.”

शांताचे गाल फिके नव्हते. उलट तजेलदार, लालसर दिसत होते. मळमळणाऱ्या माणसाचा चेहरा असा नसतो. मी बाटली काढली, गाळणकागदाची पट्टी त्या द्रवात भिजवली आणि बाकाच्या वर टांगली. हे पॅलेडियम क्लोराईड. कोळशाच्या वायूतला जो घटक मोटार चालवितो, तोच रक्तात शिरून माणसाला गुदमरवतो. त्याला रंग नाही, वास नाही. पट्टीला तो समजतो. ती पाहता पाहता काळी पडली.

मी पडद्यांच्या गाठी सोडून ते वर केले आणि शांताला बाहेर काढण्यास सांगितले. आम्ही दोघींनी मिळून तिला ओढले. तिचे पाय जमिनीवर ठरेनात. कासम मिस्त्री चहाची बशी हातात घेऊनच धावत आले.

“काहून उठवता बाई? झोपली होती ना पोरगी.”

“ती झोपली नव्हती,” मी म्हणाले.

उघड्या वाऱ्यात निजवल्यावर तिला ओकारी झाली, आणि पुष्कळ वेळाने ती सासूला ओळखू लागली. सोमलीबाईंनी तिचे डोके मांडीवर घेतले आणि माझ्याकडे पाहिले. “वखत बुरा,” एवढेच त्या बोलल्या. दोघी परत गाडीत बसल्या नाहीत. बैलगाडी शोधायला गेल्या.

राहिलेल्या रस्त्यात मी कासम मिस्त्रींना समजावून सांगितले. गाडी चालू असताना यंत्र वायू आत ओढून घेते, म्हणून गळती थोडी. गाडी थांबली की भट्टी जळतच राहते, ओढ संपते, आणि वायू प्रत्येक सांध्यातून बाहेर पडतो. पडदे बंद असले की तो बाकावरच साचतो. ते रस्त्यावरून नजर न काढता ऐकत होते.

“म्हंजे ज्याला लागली त्याला आमी मागं निजवतो...”

“होय. भट्टीच्या सर्वांत जवळ.”

मग त्यांनी हळू आवाजात विचारले, “मागल्या हिवाळ्यात एक म्हातारा बसला होता. हिंगोलीच्या दवाखान्याला निघाला होता. त्याला लागली म्हणून मीच मागं निजवला. अंगावर घोंगडी टाकली. हिंगोलीला सगळे उतरले, त्यो उतरलाच न्हाई. हृदय बंद पडलं म्हणले. बाई, त्याचं हेच झालं असंल का?”

“तपासल्याशिवाय सांगता येणार नाही.”

“आता तपासायला काय राह्यलंय?” ते म्हणाले.

गोरेगावात मी त्यांच्याच घरी राहिले. बाजाराचे गाव. दुकाने लहान, अंगणे सारवलेली. त्यांच्या पत्नीने, साऱ्या गल्लीच्या खालाने (म्हणजे मावशीने), जाड रोट्या आणि चिंच घातलेली आंबट दाळ केली होती. मिस्त्री जेवले नाहीत. “हे आसं दोन दिवस बसतील,” खाला म्हणाल्या. “भट्टी पेटली न्हाई की आसंच करतात. ह्या बारीला काय बिघडलं?” नवरा पानावरून उठला आणि बाहेर गेला.

मी सुचविलेले उपाय त्यांनी एकेक करून मोडीत काढले. थांब्यावर सवाऱ्यांना खाली उतरवावे? “उतरले की जागा जाते. मरतील पण जागा सोडणार न्हाईत.” पडदे काढून टाकावेत? “मग ते धोंडीबाच्या गाडीत बसतील, त्याला पडदे हाईत.” भट्टी पुढे न्यावी? पुढे जागा नाही. शेवटी मीच म्हणाले, की भट्टी गाडीपासून तोडून मागे ओढायच्या लहान गाडीवर ठेवता येईल. त्यांनी एकदम मान वर केली. परसात मोडक्या मोटारीचा चाकांसकट आस पडला होता. लोहाराला बोलावले. पुढचे दोन दिवस ठोकाठोक चालली, आणि तेवढ्यापुरते ते मला निंबाखालचे मोटारवाले वाटले. नळाच्या सांध्याला चामड्याची बाही त्यांनी तीनदा उसवून पुन्हा शिवली.

परतीच्या वाटेवर सेनगावला गाडी मुद्दाम थांबवली. पडदे बंद केले, भट्टी जळत ठेवली, पट्टी टांगली. ती शेवटपर्यंत जशीच्या तशी राहिली. कासम मिस्त्री तिच्याकडे पाहत उभे होते. “गुरुवारी तपासणी हाय,” ते म्हणाले. “सायबाला हे दाखवू. पास झाली की धोंडीबाची करू, मग सगळ्यांची. तुमी बोलताल ना?” कोळशाच्या प्रत्येक गाडीला दरसाल तपासून शिक्का घ्यावा लागे. शिक्का नाही तर नंबर रद्द.

तपासणी हिंगोलीला कचेरीच्या आवारात झाली. मोटारींचे इन्स्पेक्टर तरुण होते, शिकलेले आणि सभ्य. त्यांनी मला खुर्ची दिली, माझे सर्व म्हणणे ऐकले, पट्ट्या हातात घेऊन पाहिल्या. नंतर खाली उतरून मागच्या लहान गाडीभोवती एक फेरी मारली.

“आपलं शास्त्र मी नाकारत नाही,” ते म्हणाले. “पण कायद्यात हे दुसरं वाहन आहे. सवारीच्या मोटारीला दुसरं वाहन जोडता येत नाही. उलटलं तर जबाबदार कोण? भट्टी गाडीच्या सांगाड्याला पक्की बांधलेली पाहिजे, असं साफ लिहिलं आहे.”

“सांगाड्याला बांधली की ती विषारी होते.”

“तसं कलम असतं तर मी ते लावलं असतं. ते घालण्यासाठी वर लिहा. मीही लिहीन. तोवर...” त्यांनी कासम मिस्त्रींकडे वळून म्हटले, “मिस्त्री, आजच्या आज भट्टी पुन्हा जागेवर बांधून आणा. शिक्का देतो. नाही तर नंबर रद्द करावा लागेल, आणि तो लढाई संपेपर्यंत परत मिळायचा नाही.”

मला त्यांच्यावर राग धरता येईना. नियमामागचे कारण खरे होते. उतारावर मागची गाडी उलटू शकते, हे मी स्वतः मान्य केले असते.

आवाराबाहेर मोटारवाले जमले होते. धोंडीबा म्हणाले, “बांध मागं, शिक्का घे, रस्त्याला लाग. आमच्या सवाऱ्या काय रोज मरून राहिल्या का?”

कासम मिस्त्री म्हणाले, “माझी मेली.”

“ते म्हातारं हृदयानं गेलं.”

“तुला काय म्हाईत?”

“मला न्हाई म्हाईत. तुलाबी न्हाई. अन् ही पट्टी घेऊन तू गावोगाव बोंबलत फिरलास, तर आमच्या गाडीत कोण बसंल? लेकरंबाळं हाईत सगळ्यांना.”

कोणी हसले नाही. कासम मिस्त्री खाली वाकले आणि भट्टीचे बोल्ट सोडू लागले. आजवर एकमेकांच्या गाडीखाली हौसेने शिरणाऱ्यांपैकी एकही पुढे झाला नाही. बोल्टांचे पाने मी धरले.

दुपारी भट्टी सांगाड्याला पक्की बसली आणि शिक्का मिळाला. मला वाटले, आता हे गोरेगावच्या सवाऱ्या भरतील. त्यांनी गाडी आवाराच्या भिंतीशी नेली, मागचे बाक उपटून बाहेर काढले, पडदे कापून घडी केले आणि दोन्ही वस्तू भिंतीशी ठेवल्या.

“हळदीची पोती नेईन,” ते म्हणाले. “पोत्याला झोप लागत न्हाई.”

“पोती बैलगाड्याही नेतात. भाडे मिळेल?”

“बराबर बोलता. न्हाई मिळायचं तेवढं.” मग पडद्यांची घडी सारखी करीत, “तुमची पट्टी मला दिसली नसती तर बरं झालं असतं, बाई. तुमाला बोल न्हाई लावत. खरं तेच सांगून राहिलो.”

मी परत निघाले त्या सकाळी निंबाखाली कासम मिस्त्रींची नेहमीची जागा रिकामी होती. शेजारच्यांनी आपल्या गाड्या थोड्या सरकवून ती भरूनही टाकली होती. धोंडीबांच्या गाडीत सेनगावच्या सवाऱ्या बसत होत्या. मी जाऊन मागच्या बाकावरच्या बायांना सांगितले, की पडदे उघडे ठेवा, गाडी थांबली की खाली उतरा, गुंगी आली तर मागे निजू नका. त्यांनी अदबीने ऐकले. एकीने लगेच पडदा वर करून बांधला. धोंडीबा मिशीआड पुटपुटले, पण मला अडविले नाही. गाडी हलली. रस्त्याच्या वळणापाशी वारा लागला असावा, कारण आतून एक हात बाहेर आला आणि त्याने पडदा खाली ओढून घेतला.

कोळशांची मोजमापे उत्तम आली आहेत. धावड्याचा कोळसा सर्वांत सरस ठरला, आणि प्राध्यापक संतुष्ट आहेत. त्या म्हाताऱ्याविषयी प्रबंधात एकही वाक्य लिहिता आले नाही. त्याचे मोजमाप कोणी घेतलेले नाही, आणि जे सिद्ध करता येत नाही ते मी लिहीत नाही. कलमासाठी मी वर लिहिले आहे. उत्तर अद्याप नाही.

वसतिगृहात मैत्रिणींनी विचारले, तिकडची माणसे कशी असतात? खिडकीतून गार वारा येत होता, आणि हे विचारता विचारताच एकीने उठून ती लावून घेतली होती. मी म्हणाले, आपल्यासारखीच.