भरतीच्या वेळची अपॉइंटमेंट

निरोप मला इतर पेशंटांसारखाच आला. रोह्याला घराच्या ओट्यावर चहा घेत होतो. फोन वाजला. त्यावर एकच ओळ होती, ‘आज दवाखाना बंद आहे.’ खाली सुमनचं नाव. माझ्या मित्राचा, शरदचा, पेणचा दवाखाना पाणी रस्त्यावर आलं तरी उघडा असायचा. मुलीच्या लग्नाच्या दिवशीही सकाळी दोन तास तो तिथेच होता, आणि मुंडावळ्या बांधल्यावर त्याला बोलावून आणायला मला जावं लागलं होतं. असा दवाखाना बंद म्हणजे... मी कप खाली ठेवला आणि सुमनला फोन लावला. दवाखान्याची कंपाउंडर, रिसेप्शनिस्ट, हिशेबनीस, सगळं तीच. ती म्हणाली, “काका, सगल्यांना येकच निरोप धाडला. डॉक्टर गेले असा लिवायला हात होयना.” पोटाचा कर्करोग होता, सहा-सात महिने आम्हाला माहीत होतं. तेव्हा धक्का बसायचं काही कारण नव्हतं. बसला.

शरद आणि मी रोह्याच्या शाळेत एका बाकावर होतो. पुढे तो डॉक्टर झाला आणि मी कॉलेजात ग्रंथपाल. काम तसं एकच, माणसाला काय हवंय ते त्याच्या अर्धवट सांगण्यावरून ओळखायचं. माझ्याकडे तातडीने कोणी येत नसे, एवढाच फरक. पेणला त्याने भाड्याच्या दोन खोल्यांत दवाखाना टाकला. त्याचे पेशंट बहुतेक खाडीकडचे, मिठागरांवर राबणारे, खारजमिनीत भात लावणारे. वीसेक वर्षं बरी गेली. मग हायवेला ते मोठं हॉस्पिटल आलं. उद्घाटनाला इतके पाहुणे होते की फीत कोणी कापायची यावर अर्धा तास गेला, आणि भाषणांत ‘सेवा’ हा शब्द इतक्या वेळा आला की ऐकता ऐकता मला दुसऱ्यांदा भूक लागली. लॉबीत कारंजं होतं. दार आपोआप उघडायचं. हिराबाय नावाची शरदची जुनी पेशंट पहिल्यांदा तिथे गेली तेव्हा दार उघडलं म्हणून ती बाजूला सरून उभी राहिली. कोणीतरी मोठा माणूस बाहेर येतोय असं तिला वाटलं. कोणी आलं नाही. ती परत शरदकडे आली. पण सगळेच काही परत येत नव्हते. बाकडी रिकामी दिसू लागली. वर्षभर असंच चाललं तर खोल्या सोडाव्या लागतील, असं तो एकदा सहज बोलावं तसं बोलला. मी त्याला ओळखत होतो. तो सहज बोलत नव्हता.

यंत्रांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. त्यामुळे शरदने कॉम्प्युटर घेतला तेव्हा मी त्याची भरपूर टिंगल केली. त्याने तळहाताएवढं हृदयाचा आलेख काढायचं यंत्रही आणलं. आलेख फोनवरून पनवेलच्या हृदयविकाराच्या डॉक्टरांकडे जायचा आणि उत्तर चहा निवायच्या आत यायचं. कासू गावच्या एका माणसाला ‘पित्त झालंय’ म्हणून त्याच्या बायकोने आणलं होतं. आलेख पाहून शरदने त्याला तिथूनच गाडीत घालून पनवेलला पाठवलं. तो माणूस अजून पित्ताचीच तक्रार करतो. त्यानंतर मी टिंगल कमी केली.

खरी गंमत अपॉइंटमेंटची. सॉफ्टवेअर बसवायला आलेला इंजिनियर सांगत होता, “सर, स्लॉट दहा मिनिटांचा असतो.” शरद म्हणाला, “बरं. ते खाडीला सांगून बघा.” त्याला कळेना. मग शरदने समजावलं. मिठागराला पाणी भरतीला घ्यायचं, बांधाची राखण उधाणाला करायची. त्या वेळी माणूस मरायला टेकला तरी बांध सोडत नाही. आणि भरती रोज पुढे सरकते. हॉस्पिटलने दिलेली साडेदहाची वेळ चुकली की हे लोक रांगेच्या शेवटी जायचे, दोनदा असं झालं की औषधच सोडायचे. शरदला आदल्या दिवशी प्रत्येकाच्या फोनवर असा निरोप जायला हवा होता : ‘उद्या ओहोटी लागल्यावर या.’ इंजिनियर तीन वेळा आला, वैतागला, पण शेवटी भरती-ओहोटीचं कोष्टक त्याने त्यात बसवलं. चार-सहा महिन्यांत बाकडी पुन्हा भरली. कारंज्याला जमलं नाही ते चंद्राला जमलं, असं मी म्हणालो. शरद म्हणाला, “चंद्राला पगार द्यावा लागत नाही.”

मला मात्र तो नेहमी भरतीची वेळ द्यायचा. माझ्या रक्तदाबाचा खाडीशी काही संबंध नाही. पण भरतीला दवाखाना रिकामा असायचा, आणि मग आम्ही दोघं बोलत बसायचो... वाचलेलं, न वाचलेलं, शाळेतल्या मास्तरांचं.

एक चूक त्याचीही झाली होती, सुरुवातीला. कॉम्प्युटरचा पडदा स्वतःकडे ठेवून तो टाइप करत बसायचा. एकदा हिराबाय समोर येऊन बसली. मग म्हणाली, “डाक्टर, आजारी मी हाय का ह्यो डबा? मगापासना त्यालाच बगताव.” शरद इतका हसला की त्याला ठसका लागला. उठून त्याने पडदा फिरवला, खुर्ची टेबलाच्या अलीकडे आणली आणि तिच्या शेजारी बसला. “हां, आता दोघं बघू. ही तुझी साखर.” “इतकी चढली?” “चढली. कशाने?” “...आंबं.” तेव्हापासून तो टेबलाच्या पलीकडे कधी बसला नाही. डॉक्टर आणि पेशंट एका बाजूला, पडदा समोर.

आजार कळल्यावर हॉस्पिटलचा टायवाला माणूस आला. दवाखाना आम्ही चालवतो, पाटी आमची लागेल, म्हणाला. शरदने एकच विचारलं, “ओहोटीची वेळ ठेवाल?” तो म्हणाला, “आमच्या सिस्टिममध्ये ते बसणार नाही.” “मग माझी माणसंही बसणार नाहीत,” शरद म्हणाला, आणि चहा पाजून त्याने त्याला वाटेला लावलं. पण शरदला रात्री झोप लागत नसे, हे त्याच्या बायकोने मला सांगितलं. आमच्या शेवटच्या भरतीला तो खुर्चीत अर्धाच उरला होता. म्हणाला, “दवाखान्याचं काय होईल रे?”

“मिळेल कोणीतरी तुझ्यासारखा वेडा.”

“वेडा नको. वेडे टिकत नाहीत. ज्याला मशीन येतं आणि माणसांचा कंटाळा येत नाही, असं कोणी हवं.”

गडब गावची मानसी, नुकतीच डॉक्टर झालेली, दोन महिने त्याच्या हाताखाली येत होती. हुशार आहे, तो म्हणाला, पण अजून घाबरते.

परवा मी पेणला गेलो. दवाखाना उघडा होता. मानसी टेबलाच्या पलीकडे बसली होती. शरदच्या खुर्चीत बसायचा धीर झाला नसावा. ती खुर्ची भिंतीशी सरकवून ठेवली होती. पडदा तिच्याकडे वळलेला. माझ्या आधी हिराबायचा नंबर होता. ती आत गेली, उभीच राहिली; दार उघडं होतं, मला बाकड्यावरून दिसत होतं. मग दोन्ही हातांनी तिने पडदा फिरवला, भिंतीजवळची खुर्ची ओढत आणून आपल्या खुर्चीशेजारी ठेवली.

“इकरं बस गो बाय. तिकरून दोगींना कसा दिसंल?”

“आजी, ती सरांची...”

“ठावं हाय कुनाची ती. बस.”

मानसी उठली, वळसा घालून आली आणि बसली. जरा वेळाने तिचा आवाज ऐकू आला, “साखर चढलीय, आजी.” आणि हिराबायचा, “आंबं नाय यंदा. देवाशपत.” मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

निघताना सुमनने विचारलंसुद्धा नाही. हाताच्या सवयीने तिने माझ्या नावापुढे पुढच्या महिन्याची भरतीची वेळ टाकली. मग तिच्या लक्षात आलं, आणि तिचा हात थांबला. “काका, बदलू?”

मी नको म्हणालो. भरतीला तिथे कोणी नसतं. दोन खुर्च्या असतात, एका बाजूला, शेजारी शेजारी...