कोतवालाला नीळ

शेलूबाजारात आमचं कापडाचं दुकान होतं. थोरले भाऊ गादीवर बसत आणि मी कापड फाडत असे. निदान दादांची तशी समजूत होती. माझं लक्ष असे ते खालच्या फळीवर ठेवलेल्या एका काळ्या डब्याकडे. बदलून चाललेल्या एका साहेबाच्या सामानाचा लिलाव होता, तिथून दादांनी मला बत्ती आणायला धाडलं होतं. मी कॅमेरा घेऊन आलो. त्या हिवाळ्यात दुकानात अंधार होता आणि दादांच्या तोंडावर त्याहून जास्त.

कॅमेरा आला, पण फोटो कुणाचा काढायचा? फोटो काढला की आयुष्य घटतं, अशी गावात पक्की समजूत. माझी बायकोसुद्धा डबा दिसला की पदर ओढून आत जाई. राहिली पाखरं. त्यांना हे कुणी सांगितलं नव्हतं.

आणि राहिली माझी मुलगी. तेव्हा सहा वर्षांची असेल. दुकान उघडण्याआधी आम्ही दोघं नाल्याकडे जायचो. डबा पोटाशी धरायचा, वरच्या चौकोनी काचेत डोकावायचं, तिथं बाभूळ दिसे आणि बाभळीवर पाखरू. मला बाभूळ दिसे. पाखरू तिला दिसे. "बाबा, सातभाई. त्या खालच्या फांदीवर. थांबा, हालला. आता दाबा!" मी खटका दाबायचो, तोवर सातभाई दुसऱ्याच्या शेतात.

पहिली फिल्म अकोल्याहून धुऊन आली तेव्हा दादांनी सगळे फोटो गादीवर मांडले.

"बाभयीचे फोटो काढायले अकोल्याची फिल्म लागते काय रे?"

पोरगी पुढे सरकली आणि एकेका फोटोवर करंगळी ठेवत गेली. "मोठेबाबा, हे पाहा, हा सातभाई. हा होला. अन् हा खंड्या, पान्यात पाह्यते." बोटाखाली तिळाएवढा ठिपका असे. दादांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. खंड्याची चोच खरंच होती. संध्याकाळी येणाऱ्या गिऱ्हाइकाला ते म्हणताना मी ऐकलं, "आमच्या पोट्टीची नजर मोठी जबर हाय बरं."

त्यानंतर काही महिन्यांनी दसरा आला. आमच्याकडे दसऱ्याला नीलकंठ दिसला की वर्ष चांगलं जातं म्हणतात. निळ्या पंखांचं ते पाखरू पाहायला माणसं शिवारात जातात, हात जोडतात, मग सोनं लुटायला गावात येतात. आमच्या शेजारची म्हातारी, जिला सगळी गल्ली मोठीमाय म्हणे, तिचा हा दिवस कधी चुकला नव्हता. त्या वर्षी ती पाय मोडून बाजेवर पडली होती. तिनं माझ्या मुलीला बोलावून सांगितलं, "माय, मले काही आता शिवार दिसत नाई. तुया बापाच्या डब्यात नीलकंठ धरून आन."

हे दुकानात समजलं आणि माझ्या अंगात वारं शिरलं. मी येणाऱ्या जाणाऱ्याला सांगत सुटलो की यंदा नीलकंठाचा फोटो निघणार, ज्याला दर्शन घडलं नाही त्यानं बारा महिने दुकानात येऊन दर्शन घ्यावं. दादांनाही यात गिऱ्हाईक दिसलं. त्यांनी आपणहून रजा दिली.

दसऱ्याला दुपारी आम्ही निघालो. नीलकंठ तारेवर बसला होता, अगदी सांगून ठेवल्यासारखा. मी वाकून, गुडघ्यांवर, शेवटी धोतर सांभाळत पोटावर सरकलो. मुलगी माझ्या मागे श्वास धरून. आणि मी खटका दाबणार तोच पाखरू उडालं. निळे पंख पसरून असं डौलात गेलं की मी तोंड उघडं ठेवून पाहतच राहिलो आणि तशातच खटका दाबला. फोटो नुसत्या तारेचा निघाला. मग मी पळत सुटलो, ज्वारीच्या कडेनं, बांधावरून. जिथं नीलकंठ बसेल तिथं मी, आणि मी पोचेन तिथून नीलकंठ गेलेला. फिल्मवर शेवटचा एक फोटो उरला. समोर एक म्हैस चरत होती आणि तिच्या पाठीवर कोतवाल पाखरू बसलं होतं. काळंभोर, लांब दुभंगलेली शेपटी. म्हैस मला ओळखत असावी. जवळ जाऊ दिलं.

"बाबा, हा कोतवाल हाय," मुलगी म्हणाली.

"माहीत हाय मले. निदान एक तरी पाखरू येऊ दे."

ही फिल्म धुऊन आली आणि मी पाकीट फोडलं तर काय, कोतवाल आला होता! पहिल्यांदा माझ्या हातून पाखरू आलं होतं, चांगलं बोराएवढं. मी त्या आनंदात असतानाच दुकानात चार माणसं शिरली.

"काय भाऊ, आला काय नीलकंठ?"

"आला," मी म्हणालो.

हे मी का म्हणालो, ते आजवर मला समजलेलं नाही. तोंडातून निघून गेलं आणि चार माणसांनी हात जोडले. जोडलेले हात खाली करा असं कसं म्हणणार?

"हा तं काया दिसून राह्यला," त्यातला एक म्हणाला.

"फोटोत रंग येत नाई," मी म्हणालो. हे मात्र खरं होतं.

मग मी जे केलं ते शांत डोक्यानं केलं, म्हणून जास्त वाईट. आधी कापडाच्या कात्रीनं खालची म्हैस कापली. थोडी पाठ उरली, ती खडक म्हणून खपण्यासारखी होती. शेपटीची दोन टोकं कापली. घरी धोतराला देण्याची नीळ होती, ती कापसाच्या बोळ्यानं पंखांवर लावली. नीळ जरा जास्त झाली. कोतवाल रंगपंचमी खेळून आल्यासारखा दिसू लागला. तो फोटो घेऊन मी मोठीमायकडे गेलो. मुलगी सोबत होतीच.

मोठीमायनं फोटो डोळ्यांशी नेला, कपाळाला लावला, आणि सुनेला हळदकुंकू आणायला सांगितलं. गल्लीतल्या दोनतीन बायाही जमल्या. तेवढ्यात मुलगी तिच्या बाजेवर चढून म्हणाली, "मोठीमाय, हा नीलकंठ नोहे. हा कोतवाल हाय. म्हशीवर बसला होता. म्हैस बाबानं कापली."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला हसता आलं असतं. माझा स्वभावच तो, स्वतःवर हसून सुटायचा. त्या दिवशी नेमकं हसू आलं नाही.

"नीलकंठच हाय तो," मी म्हणालो. "लेकरू हाय. तिले दुरून नीट दिसत नाई. डोये जरा कमजोर हायेत तिचे."

"अवं माय!" मोठीमाय कळवळली. "एवढ्याशा पोरीचे डोये?"

मुलगी बाजेवरून उतरली.

मला वाटलं, मिटलं. पण गल्लीत गेलेली गोष्ट माझ्या आधी माझ्या घरी पोचली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाहतो तर बायको मुलीला मांडीत आडवी घेऊन तिच्या डोळ्यांत त्रिफळ्याचं पाणी सोडत बसलेली. पोरगी पाय झाडत होती.

"तुमी मले काहून सांगतलं नाई?" बायको माझ्यावर उखडली. "पोरीले दिसत नाई अन् बाप तिले बाभयी दाखवत फिरते!"

तेव्हा तरी बोलायला हवं होतं. मी पागोटं उचललं आणि दुकानात गेलो. रोज सकाळी मी मोरीजवळून जायचो तेव्हा ते रडणं कानावर यायचं. मग पुढे रडणंही थांबलं. ती आपणहून डोकं मागे टाकून डोळे उघडे धरू लागली. गल्लीतला प्रत्येकजण तिच्यापुढे बोटं नाचवून विचारी, "किती?" आणि ती मुकाट्यानं सांगे.

एका सकाळी मीच म्हणालो, चल नाल्यावर. ती आली. बाभळीवर काहीतरी हललं.

"कोन्ता हाय गं तो?"

तिनं वर पाहिलं. तिला दिसलं होतं, माझी खात्री आहे. तिची मान पाखराबरोबर वळली होती.

"तुमी म्हनसान तो," ती म्हणाली. "मले कमी दिसते."

मी कॅमेरा तिथंच गवतात ठेवला. बसलो. तिला सांगायला लागलो की तुला सगळं दिसतं, मीच खोटं बोललो, तो कोतवालच होता. ती माझं ऐकत होती, पण आपण मोठ्यांचं ऐकतो तसं. उद्या बाप आणखी काही सांगेल, तेही ऐकायचं.

तिथून तिला घेऊन सरळ मोठीमायकडे गेलो. फोटो देव्हाऱ्यात होता, निळीवर कुंकू बसून जांभळा झालेला. मी उभ्यानं सगळं सांगितलं. म्हैस, कात्री, नीळ, सगळं. बायकोही दारात येऊन उभी होती. कुणी हसलं नाही.

"मले फसवलं तं फसवलं," मोठीमाय म्हणाली. "मी म्हातारी हाव. पन या लेकराच्या डोयात पानी घालू देलं रे तू? रोज?"

तिनं देव्हाऱ्यातून फोटो काढायला लावला आणि मुलीच्या हातात दिला. "सांग माय. कोन्तं पाखरू हाय हे?"

मुलीनं फोटोकडे पाहिलं. मग तिनं मान वर केली आणि, तोंड उघडण्याआधी, माझ्याकडे पाहिलं.