घुमीची खोली

अण्णांच्या सलूनमध्ये खिडकीखाली एक लांब बाकडं होतं, आणि वस्तीतली कुठलीही बातमी आधी त्या बाकड्यावर येऊन बसायची, मग बाहेर पडायची. कुणाची बदली झाली, कुणाचं घरात बिनसलं, कुणाच्या जावयानं नोकरी सोडली, सगळं अण्णांना ठाऊक. कात्री जितकी चालायची तितकीच जीभ. त्यांच्या पोटात काही राहत नसे. बायको म्हणायची, "तुम्हाला काही सांगण्यापेक्षा चौकात भोंगा लावलेला बरा. निदान तो बंद तरी करता येतो."

अशा माणसाच्या पोटी घुमी जन्मली. नाव वेगळं होतं, पण तोंडातून शब्द निघेल तर शपथ, म्हणून आईनं घुमी म्हणायला सुरुवात केली आणि तेच चिकटलं. शाळा सुटली की ती बाकड्याच्या टोकाला बसायची आणि बोलणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून ऐकत राहायची. अण्णांना वाटायचं, पोरगी डॉक्टर होईल. ती झाली मानसोपचाराची. "म्हणजे वेड्यांची?" असं खुर्चीत दाढीला बसलेल्या एकानं विचारलं, तेव्हा अण्णांनी त्याच्या मानेवरचा वस्तरा क्षणभर थांबवला आणि म्हणाले, "तुमच्यासारख्या शहाण्यांची." पण मनातून तेही जरा खट्टू होते. औषध नाही, सुई नाही, नुसतं बोलायचं? बोलणं तर त्यांच्याकडे केस कापताना फुकटात मिळत होतं.

रुग्णालयाच्या वरच्या मजल्यावर, मागच्या बाजूला घुमीची खोली होती. समोरासमोर न मांडता जरा तिरक्या ठेवलेल्या दोन खुर्च्या, मधे एक बुटकं टेबल, रडू आलं तर हाताशी कागदी रुमालांचा डबा. दार जाड होतं. अण्णा पहिल्यांदा खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी दाराला कान लावून बघितलं. काही ऐकू येईना. त्यांना ते आवडलं नाही.

आणखी एक गोष्ट आवडली नाही. बाजारात लेकीबरोबर चालताना समोरून एक बाई आली. अण्णांनी तिला रुग्णालयाच्या जिन्यात पाहिलं होतं. घुमीनं तिच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही.

"हा कुठला गर्विष्ठपणा?" घरी आल्यावर अण्णा कडाडले. "ओळखीच्या माणसाला साधा नमस्कार नाही?"

"अण्णा, तिच्याबरोबर कुणीतरी होतं. मी हाक मारली असती तर त्यानं विचारलं असतं, 'हिला तू कशी ओळखतेस?' मग तिनं काय सांगायचं? तिनं आधी हाक मारली तर मी थांबते. हे मी प्रत्येकाला आधीच सांगून ठेवलेलं असतं."

अण्णांना एवढा विचार कधी सुचला नव्हता.

कोपऱ्यावरचा बेकरीवाला हा अण्णांचा शाळेपासूनचा दोस्त. रोज भट्टीचं काम आटोपलं की अंगावर पीठ तसंच घेऊन तो सलूनमध्ये यायचा. त्याचा कर्ता मुलगा, भट्टी सांभाळणारा, त्या वर्षी एकाएकी मिटून गेला. बेकरीवाल्याची बायको गेल्यापासून घरात बापलेक दोघंच. मुलगा बेकरीवरच्या खोलीतून खाली येईना, जेवेना, बापाशी बोलेना. शेवटी बेकरीवाल्यानंच त्याला हाताला धरून घुमीच्या दारापर्यंत नेलं. मुलगा जायला लागला. महिना-दीड महिन्यात जेवायला लागला, पुन्हा भट्टीवर यायला लागला. पण बापाशी अबोला तसाच.

"अरे, तुझ्या पोरीला विचार ना," बेकरीवाला अण्णांना म्हणाला. "तो तिथे काय बोलतो? माझ्याबद्दल काय सांगतो? बापाला एवढंही कळू नये?"

अण्णांना हे अगदी रास्त वाटलं. जेवताना त्यांनी विषय काढला.

"अण्णा, माझ्याकडे कोण येतं आणि कोण येत नाही, हेही मी सांगत नाही," घुमी म्हणाली.

"अगं, त्यानं स्वतः आणून सोडलाय! माझ्या मांडीला मांडी लावून बसतो तो. तुला लहानपणी कडेवर घेऊन फिरलाय!"

"म्हणूनच," ती म्हणाली आणि पानातलं संपवून उठली.

बेकरीवाल्याला हे झोंबलं. त्यानं घुमीसाठी मोठा केक पाठवला. तो तिनं मानानं परत केला. मग तो हट्टालाच पेटला. रुग्णालयाच्या विश्वस्त मंडळावर तो होता. थेट मोठ्या डॉक्टरांची भेट ठरवली आणि अण्णांनाही ओढत घेऊन गेला. "तू बाप आहेस. तू समोर बसलास की बोलेल."

मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत घुमीला बोलावलं. ती दारातून आत आली, टेबलापलीकडे स्वतःचे वडील बसलेले बघितले, आणि एक क्षण तिचा चेहरा उतरला. आपण नको त्या बाजूला बसलोय, हे अण्णांना त्याच क्षणी कळलं.

"या आपल्या घरच्यासारख्या माणसाची काळजी समजून घ्या," मोठे डॉक्टर म्हणाले. "सविस्तर नको. दोन वाक्यं सांगा."

"सर, दोन वाक्यं सांगितली तर उद्या त्या खोलीत कुणी खरं बोलणार नाही."

"मी बाप आहे त्याचा!" बेकरीवाल्यानं टेबलावर हात आपटला.

घुमी त्याच्याकडे वळली. आवाज चढला नाही, पडलाही नाही. "काका, मी कुणाबद्दलच काही सांगणार नाही. पण माझा नियम काय आहे, ते कुणालाही सांगते. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्याच दिवशी सांगते, तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका आहे असं दिसलं तर मी गप्प बसणार नाही, घरच्यांना कळवीन. बाकी जे बोलाल ते इथेच राहील. हा शब्द मी आजवर मोडलेला नाही."

बेकरीवाल्याचा टेबलावरचा हात हळूच मांडीवर आला. इतके दिवस त्याला आतून पोखरणारी भीती कुठली होती, ते अण्णांना त्याच्या चेहऱ्यावर दिसलं.

"आणि काका, ज्याच्याबद्दल जाणून घ्यायचंय, त्यालाच विचारा. उत्तराची घाई न करता."

मोठे डॉक्टर अस्वस्थ झाले. मंडळावरच्या माणसाला रिकाम्या हातानं पाठवणं त्यांना जड जात होतं. ते अण्णांकडे वळले. "तुम्ही तरी समजवा लेकीला."

अण्णा उठून उभे राहिले. जन्मभर शब्द कधी कमी पडले नव्हते. त्या वेळी मात्र मोजकेच निघाले. "साहेब, ती बरोबर बोलतेय," ते म्हणाले. "चुकलो मी. मी इथे यायलाच नको होतं."

बेकरीवाला ताडकन निघून गेला. दुसऱ्या दिवसापासून तो समोरच्या नव्या सलूनमध्ये दाढी करायला लागला, काचेतून अण्णांना दिसेल अशा खुर्चीत बसून. त्याच्याबरोबर बाकड्यावरचे आणखी काही गेले. अण्णांना ते लागलं. पण घुमी घरी आली की ते तिच्यासाठी खुर्ची ओढायला लागले, चहा स्वतः करायला लागले. बायको म्हणाली, "हे काय नवीन खूळ?" अण्णा म्हणाले, "दिवसभर ऐकून दमते पोरगी."

बरेच महिने असे गेले. मग एका सकाळी बेकरीवाला दार ढकलून आत आला आणि काही न बोलता अण्णांच्या खुर्चीत बसला. अण्णांनी त्याच्या गळ्याभोवती कापड गुंडाळलं.

"बोलला," बेकरीवाला आरशात बघत म्हणाला. "भट्टीपाशी. मी विचारलं आणि पीठ मळत राहिलो. दोन आठवड्यांनी त्यानं आपण होऊन सगळं सांगितलं."

अण्णांची कात्री हवेत थांबली. प्रश्न अगदी ओठांवर आला होता.

"तुला नाही सांगणार," बेकरीवाला म्हणाला, आणि दोघंही इतके हसले की बाकड्यावर पेपर वाचत बसलेला माणूस दचकला.

त्यानंतर बेकरीवाल्यानं घुमीकडे स्वतःसाठी वेळ मागितली. बायको गेल्यापासून त्यालाही झोप नव्हती. घुमीनं नाही म्हटलं आणि नदीपलीकडच्या आपल्या एका वयस्कर सहकाऱ्याचा पत्ता दिला.

"आता तर तो स्वतः आलाय! त्यालाही परत पाठवतेस?" अण्णा म्हणाले.

"अण्णा, माझ्यासमोर तो काका म्हणून बसेल. तुमचा दोस्त म्हणून बसेल. चांगलं दिसायचं म्हणून अर्धं गिळून टाकेल. त्याला अशी जागा हवी, जिथे तो कुणाचा कुणीच नाही."

बेकरीवाला नदीपलीकडे जायला लागला. झोप लागते म्हणतो. मुलानं बेकरीत नव्या तऱ्हेचे पाव सुरू केलेत, आणि बापलेक भट्टीपाशी भांडतातसुद्धा, मोठमोठ्यानं, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं.

त्या मुलाचं काय होतं, हे अण्णांना आजही माहीत नाही. बाकड्यावर कुणी तो विषय काढला तर ते ताठ मानेनं सांगतात, "मला ठाऊक नाही. माझ्या पोरीनं सांगितलेलंच नाही." हे ते अशा थाटात सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं, पोरीनं पदक आणलंय.

परवा एक नवं गिऱ्हाईक खुर्चीत बसलं. इकडचं तिकडचं बोलून हळूच म्हणालं, "अण्णा, आमच्या शेजारची बाई म्हणे तुमच्या मुलीकडे जाते. काय भानगड आहे?"

अण्णांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"मान जरा खाली घ्या," ते म्हणाले, आणि मागून मशीन सुरू केलं.