दादांनी दिलेली दिवाळी

विमान उतरवून मी फोन सुरू केला, तर अकोल्याहून अर्चनाचे, माझ्या बायकोचे, कितीतरी मिस्ड कॉल होते. तिने आधी मला कुठेतरी बसायला सांगितलं आणि मग म्हणाली, "अमरावतीचे शरददादा गेले." सकाळी अंघोळ करून बाहेर आले, छातीत कळ आली, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. दादा त्या आठवड्यात सुट्टीवर होते. निदान घरी तरी होते, असं माझ्या मनात आलं... अंत्ययात्रेला मला जाता आलं नाही. पुढची उड्डाणं माझ्या नावावर लागलेली होती.

दादा माझ्या नात्यातले नव्हते. मी को-पायलट असताना एका सकाळी आम्ही प्रथम एकत्र उडालो. मी अकोल्याकडच्या तेल्हाऱ्याचा, पण मुंबईत जाऊन बोलणं अगदी पुस्तकी करून टाकलेलं. त्या दिवशी उड्डाण फार लांबलं आणि माझ्या तोंडून नकळत निघून गेलं, "कावून थांबवून ठेवलं आमाले?" डाव्या सीटवरचे कॅप्टन सावकाश माझ्याकडे वळले. "कुठचा बे तू?" तिथून ते माझे दादा झाले. नागपूरच्या पुढे जाणारं विमान वऱ्हाडावरून जायचं, तेव्हा ते काचेला डोकं टेकवून खाली बघत आणि म्हणत, "पाह्य, घरावरून चाललो." मग डब्यातली कोथिंबिरीची सांभारवडी माझ्यापुढे सरकवत. ती सुनंदावहिनींच्या हातची. वहिनी आणि मुलगी मीनल अमरावतीला राहत, दादा जमेल तसे जाऊन येऊन.

आमच्याकडे दर महिन्याला पुढच्या महिन्याची पसंती भरावी लागते. कुठले दिवस सुट्टी हवी, कुठली उड्डाणं हवीत. त्याला आम्ही बिड म्हणतो. संगणक ती ज्येष्ठतेने वाचतो; वरच्यांनी घेऊन उरलेलं खालच्यांना. त्यामुळे आमच्या घरी सण कधी, हे पंचांग सांगत नाही, ड्युटीचं रोस्टर सांगतं. को-पायलट म्हणून मी बराच वर आलो होतो, पण कॅप्टन झालो आणि कॅप्टनांच्या यादीत थेट तळाला गेलो. ती पहिली दिवाळी मी सबंध हवेत काढली. अर्चना अकोल्यात शाळेत शिकवायची, माझ्या आईवडिलांजवळ राहायची. लग्न असो की बारसं, तिचं उत्तर एकच असे. आमची ईरा तेव्हा तीन वर्षांची होती. एकदा मी घरी असताना ती बाहुलीची समजूत घालत होती, "रोस्टर लागू दे, मग सांगते." अर्चना ते ऐकून हसली, आणि मग स्वयंपाकघरात गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

हे मी दादांना सांगितलं. ज्येष्ठतेमुळे त्यांना दिवाळीची सुट्टी मिळायची. ते म्हणाले, "यंदा माही दिवाळी घे." दोघे कॅप्टन, विमानही एकाच जातीचं, त्यामुळे ऑफिसच्या परवानगीने ड्युटीची अदलाबदल करता येत होती. मी वहिनींचं विचारलं. "तिले सवय हाय. मीनल बी मोठी झाली. तुही पोरगी लहान हाय." मी घेतली. पुढच्या वर्षी मी मागितली नाही, त्यांनीच दिली. अशा चार दिवाळ्या. मी अकोल्यात आकाशकंदील लावायचो, आणि दादा कुठल्यातरी शहरातल्या हॉटेलातून फोन करून ईराला फराळाचं काय काय झालं ते विचारायचे.

पंधरा दिवसांनी मी अमरावतीला गेलो. वहिनी, पुण्याहून आलेली मीनल आणि काही नातेवाईक बसले होते. दादांबद्दल चांगलं बोलावं म्हणून मी या चार दिवाळ्यांची गोष्ट सांगितली. मनापासून सांगितली. सांगून झालं. वहिनी माझ्याकडे बघत होत्या.

"मले तं ते म्हणत, सुट्टी भेटली नाही."

मीनल उठून आत गेली. वहिनी मग हळूहळू बोलल्या. दरवर्षी रोस्टर लागलं की दादा उतरल्या आवाजात फोन करायचे, यंदाही नंबर लागला नाही म्हणायचे. मीनल कंपनीला बोल लावायची. आणि वहिनी त्यांची समजूत काढायच्या, मनाला लावून घेऊ नका म्हणायच्या.

"मले इचारलं असतं, भाऊजी, तं मी हो म्हटलं असतं. लेकरू लहान होतं तुमचं. पण इचारलं असतं..."

मला मान वर करता आली नाही. दादांनी असं का केलं असेल? वहिनींना तोंडावर सांगायचा संकोच वाटला असेल. रोस्टरवर ढकललं की कोणाला काही विचारावं लागत नाही, आम्ही सगळेच तसं करतो. त्यांच्यावर रागावावं म्हटलं तर ईराच्या हातातली फुलझडी डोळ्यांसमोर येते. घरी येऊन अर्चनाला सांगितलं, तर ती म्हणाली, "दोन तासांवर तर अमरावती. एक दिवस तरी आपण त्यांच्या घरी जायचं होतं ना." चार वर्षांत हे आमच्यापैकी एकालाही सुचलं नव्हतं.

गेल्या रविवारी आम्ही तिघं गेलो. वहिनींनी आग्रह करकरून वाढलं. यंदाचं काय, असं त्यांनी विचारलं. मला आता दिवाळी मिळण्याइतकी ज्येष्ठता आली आहे, आणि एका नव्या कॅप्टनने ती माझ्याकडे मागितली आहे. मी कचरत सांगितलं.

"देजा," वहिनी म्हणाल्या. "पण अर्चनाले इचारून."

जेवणानंतर मीनलने ईराला काहीतरी सांगितलं आणि ईरा खदखदून हसली. त्यासरशी वहिनींचं बोट ओठांवर गेलं आणि नजर आतल्या खोलीच्या दाराकडे. कुठल्याही वेळी ड्युटी करून आलेले दादा तिथे जाड काळा पडदा ओढून दुपारचे झोपायचे. त्या वेळी या घरात मिक्सर लागत नसे, भांडं वाजत नसे. दार आता उघडंच होतं, पलंगावरची गादीही गुंडाळून ठेवलेली. वहिनींचं बोट तसंच राहिलं थोडा वेळ... मग त्यांनी हात खाली घेतला, ईराला जवळ ओढलं.

"हास वो बाई," त्या म्हणाल्या. "मोठ्यानं हास."

पण हे त्या म्हणाल्या ते कुजबुजतच.