कोकराच्या चालीचं शहर

एम.ए.च्या शेवटच्या परीक्षेचा फॉर्म भरायचा होता आणि माझ्या जुन्या गुणपत्रिका मामीच्या पत्र्याच्या पेटीत होत्या. काल दुपारी झाकण उघडलं. आधी डांबरगोळ्यांचा वास आला आणि त्याच्या मागून, जरा दबकत, आजाच्या घोंगडीचा. लोकर कितीही जुनी झाली तरी तिच्यात मुरलेला धूर, पाऊस आणि मेंढरांचा घाम जात नाही. आजा जाऊन दोन वर्षं झाली, घोंगडी अजून त्याच्या अंगाची असल्यासारखी वास देते. तिच्याखाली गुणपत्रिका होत्या. त्यांच्यावर विद्यापीठाचं जुनं नाव, आणि हातातल्या कोऱ्या फॉर्मवर नवं. दोन्ही कागद मी शेजारी शेजारी ठेवले. मग पेटीच्या तळाला अंथरलेला जाड, पिवळट कागद दिसला. तो मी न उलगडताच ओळखला. त्यावर हाताने काढलेलं एक शहर आहे. व्हिएन्ना. आमच्या घरातलं कुणीही त्या शहरात कधी गेलेलं नाही.

तुम्हाला हे सांगताना मला थोडा संकोच वाटतो. जे घडलं त्याबद्दल लिहिणं सोपं असतं. जे घडता घडता राहिलं, त्यात आपला हात किती होता हे ठरवणं अवघड जातं.

मी बारावी होऊन गावाकडून औरंगाबादला मामाकडे आले ते वर्षच संशयाचं होतं. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. आजाने उभी हयात मेंढरांमागे काढली, मामा मात्र आयटीआय करून कारखान्यात फिटर झाला आणि म्हाताऱ्या बापाला आपल्या दोन खोल्यांत घेऊन आला. शहराच्या कडेला रोज नवी शेड उभी राहायची, गावागावांतून माणसं येऊन भाड्याच्या खोल्यांत शिरायची आणि शेजारी कोण आलं हे कुणालाच नीट ठाऊक नसायचं. त्यात नामांतराचा प्रश्न धगधगत होता. विद्यापीठाला नाव द्यायचं की नाही, यावरून गावं तुटली होती, घरं जळली होती. कुणी सहज म्हणून आडनाव विचारलं तरी ते सहज नसायचं. विचारणाऱ्याला आडनाव नको असायचं, आपण कोणत्या बाजूचे ते हवं असायचं. मी फक्त माझं नाव सांगायचे, आडनाव नाही. माझ्या बाकावरची मैत्रीण नामांतराच्या मोर्चांना जायची. मला ती कधीच चल म्हणाली नाही, आणि मला यायचंय असं मीही तिला म्हणाले नाही. आम्ही एकमेकींच्या वह्या उतरवून घ्यायचो, डबा खायचो, आणि त्या एका गोष्टीपाशी दोघीही थांबायचो.

मी येण्याच्या आदल्या वर्षी मामाच्या कारखान्यात नवं यंत्र आलं होतं आणि ते बसवायला व्हिएन्नाहून एक म्हातारा इंजिनिअर. उंच, बोटं जाड, उन्हात तोंड तांबडंलाल व्हायचं, म्हणून मामाच्या मुलीने त्याचं नाव तांबडे आजोबा ठेवलं. ती तेव्हा सात वर्षांची, तिचा भाऊ चार. मामा त्याचा हाताखालचा फिटर. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, पण पाना कोणत्या नंबरचा हवा ते नजरेने कळायचं. महिनाभरात त्याला कावीळ झाली. छावणीजवळच्या विश्रामगृहात तो एकटा पडून होता. मामीने ज्वारीची पातळ पेज करून द्यायला सुरुवात केली, आणि मामा सकाळच्या पाळीआधी सायकलवरून डबा पोहोचवायचा. तीन आठवडे. यात आमच्या घरात कुणी काही विशेष केलं असं कुणालाच वाटलं नाही. आजारी माणूस, त्याला पेज दिली, संपलं. बरा झाल्यावर परत जाण्याआधी तो या सगळ्यांना वेरूळला घेऊन गेला. तिथं तिसऱ्या लेण्यापाशीच धाकटा पायरीवर बसला आणि काही केल्या उठेना. म्हातारा त्याच्याशेजारी बसला आणि बाकीची लेणी न बघताच राहिला. हे मामी सांगायची तेव्हा त्याचं तिला हसू यायचं. एवढ्या लांबून आला, अन् पायरी बघून गेला!

मी आले त्या हिवाळ्यात त्याचं पत्र आलं. इंग्रजी वाचणारी घरात मी एकटी. मामा कामावरून येऊन हातपाय धुऊन बसला, मामीने स्टोव्ह बंद केला, आजा भिंतीला टेकला आणि मी वाचलं. त्याने लिहिलं होतं की आता मी निवृत्त झालो, माझं घर मोठं आहे, मे महिन्यात तुम्ही चौघं दहा दिवस या, मुलांना शहर दाखवू, तिकिटं मी पाठवतो.

मग मामी म्हणाली, "पुन्हा वाच गं."

मी पुन्हा वाचलं.

"चौघांची तिकिटं?" मामा म्हणाला. "काहून?"

त्या 'काहून'चं उत्तर पुढचे कितीतरी दिवस आमच्या घरात शोधलं गेलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, लेकरं ठेवून घेतात अन् मायबापाला परत धाडतात. कुणी धर्म बदलतात म्हणालं. कारखान्यात युनियनची निवडणूक तोंडावर होती आणि मामा एका बाजूने काम करत होता. तर त्याच्या सोबतच्यांनी ठरवलं की हा म्हातारा निमित्त आहे, तिकिटं कंपनीचीच. "फोडला बग तुला," असं एकाने त्याला चहाच्या टपरीवर सगळ्यांसमोर सुनावलं, आणि दुसऱ्या दिवसापासून दोघं त्याच्याशेजारी जेवायला बसेनात. तरी मामाला जायचं होतं. हे तो बोलला नव्हता, पण ज्या कारखान्यात त्याचं यंत्र जन्मलं तो एकदा डोळ्यांनी बघायची त्याची इच्छा आम्हा सगळ्यांना माहीत होती. पोरांना विमानात बसवायचं, हे तर तो झोपेतही बोलला असता.

आजाचा संशय मात्र सगळ्यांपेक्षा जुना होता. "शेतकरी आपली मेंढरं रानात बसवून घेतो," तो म्हणाला, "धान्य देतो, पाणी दावतो, लई गोड बोलतो. कशापायी? लेंडीपायी. रात्रभर मेंढरं बसली की रानाला खत. फुकट कुणी रानात वाघरीची जाळी लावू देत नाय. ह्याच्या रानाला काय पाह्यजे, ते इचारून घ्या आधी."

"अप्पा, माणसं हायेत आपुन, मेंढरं नाय," मामा वैतागून म्हणाला.

"मंग तर जास्तच इचारा."

आणि गंमत अशी की संशय चालू असताना बेतही चालूच होता. गुलमंडीवरच्या स्टुडिओत चौघांचे पासपोर्टचे फोटो काढले. धाकट्याच्या डोक्याला इतकं तेल लावलं होतं की फोटोत कपाळ चमकतं. मामी बाजरीचं पीठ किती दिवस टिकतं याची चौकशी करायची. मी कॉलेजच्या ग्रंथालयातून युरोपवरचं एक जाडजूड पुस्तक आणलं आणि राजवाडे, संग्रहालयं, चर्च अशी यादी करून दहा दिवसांत बसवली, दिवसाला सहा ठिकाणं. मला त्या यादीचा अभिमान वाटत होता. आजाने ती ऐकून घेतली आणि विचारलं, "पाणी कुठं हाय? सावली? मुक्काम हालवायच्या आधी एक माणूस म्होरं जाऊन रान बघून येतो. तुझ्या पुस्तकवाल्यानं बघितलंय का?" मला तेव्हा तो प्रश्न अडाणी वाटला.

शेवटी मामाने मला पत्र लिहायला बसवलं. तो सांगत गेला, मी इंग्रजीत उतरवत गेले. तुम्ही आम्हाला का बोलावता? तिकिटं का देता? आमच्याकडून काय पाहिजे ते आधी कळवा. मामाच्या तोंडी ही वाक्यं तेवढी कठोर नव्हती. तो अडखळत होता, मध्येच हसत होता, "साहेबाला राग यायचा नाय असं लिही" असंही म्हणाला. ते मी लिहिलं नाही, कारण ते इंग्रजीत नीट बसेना. शब्दकोश उघडून, चुका तपासून, मी स्वच्छ अक्षरात तीन प्रश्न मांडले. मला वाटलं, आमच्या घरातून पहिल्यांदाच कुणीतरी गोऱ्या माणसाला ताठ मानेने विचारतंय. खरं सांगायचं तर मलाही संशय होता. फक्त माझा संशय शिकलेला होता.

मग बंद झाले, दगडफेक झाली, कॉलेजला सुट्ट्या लागल्या, टपाल कधी यायचं कधी नाही. उत्तर येईपर्यंत मार्च उजाडला. लिफाफ्यात अर्ध्या पानाचं पत्र होतं आणि घडी घातलेला हा मोठा कागद. पत्र मी सगळ्यांना वाचून दाखवलं. त्याने लिहिलं होतं: 'तुमच्या पत्नीने मला तीन आठवडे जेवण पाठवलं, तेव्हा कारण विचारायचं मला सुचलं नाही. माझी पत्नी चार वर्षांपूर्वी गेली, घरात फार शांतता आहे, एवढंच कारण मला सापडतं. ते पुरेसं नसेल तर मी समजून घेईन. सोबतचा नकाशा मी धाकट्यासाठी आधीच काढून ठेवला होता, तो पाठवतो.'

मामी पदर तोंडाला लावून आत गेली. मामा खाली बघत राहिला. आजाने मात्र कागद जमिनीवर पसरायला लावला आणि त्यावर वाकला. त्याला अक्षर येत नव्हतं, पण रान वाचता यायचं. निळे ठिपके कशाचे, त्याने विचारलं. मी खालची टीप वाचून सांगितलं, पिण्याच्या पाण्याचे नळ. हिरवे? झाडं आणि बाकडी. आणि ही तांबडी रेघ? ही रोजची चाल. आजाने वितीने रेघ मोजली, एका बाकड्यापासून दुसऱ्यापर्यंत, मग पुढची, मग त्याच्या पुढची. सगळ्या सारख्याच आखूड होत्या. राजवाड्याच्या दारापर्यंत जाऊन एक रेघ आत न शिरताच बागेकडे वळली होती.

"ह्यानं कोकरू धरून रान मोजलंय," आजा म्हणाला. "कळप मोठ्याच्या पायानं चालत नसतो, सगळ्यात बारक्याच्या पायानं चालतो. हे ठावं असलेला माणूस दगा देत नसतो. जा रे, लेकरास्नी घेऊन जा."

पण मामा गेला नाही. "आता कोणत्या तोंडानं जाऊ, अप्पा?" एवढंच म्हणाला. संशयाने जे अडवलं होतं ते आता लाजेने अडवलं. मामाने मला उत्तर लिहायला सांगितलं नाही, आणि मी आपण होऊन लिहिलं नाही. मे महिना आला आणि गेला. युनियनची माणसं मामाशी पुन्हा बोलू लागली. मामीने नकाशा पेटीच्या तळाला घातला.

मला पुष्कळदा वाटतं, आम्ही पेज दिली, पण आपण काही दिलं असं आम्हाला वाटलंच नव्हतं. म्हणून त्याचं देणं कुठून आलं हे आम्हाला दिसेना. ज्यांच्याकडून पिढ्यान् पिढ्या फक्त खत घेतलं गेलं, त्यांना आपण कुणाला हवे आहोत हे खरं वाटायला वेळ लागतो. त्याबद्दल मी आजाला दोष देत नाही. दोष माझ्या त्या स्वच्छ अक्षराला आहे. त्याच उन्हाळ्यात मी मैत्रिणीला विचारलं, मला मोर्चाला कधी बोलावलं का नाहीस? ती म्हणाली, "तू कशाला येशील, तेच कळत नव्हतं." पुढच्या वेळी मी तिच्याबरोबर गेले. रांगेत शेवटी होते, पण होते.

काल संध्याकाळी नकाशा कॉटवर पसरला तेव्हा धाकटा येऊन बघू लागला. आता तो नऊ वर्षांचा आहे, दिवसभर मैदानावर असतो. त्याने बोट ठेवून सगळ्या आखूड रेघा एका दमात पार केल्या आणि विचारलं, "एवढंच? हे तर मी सकाळीच संपवीन."

मामा दारात उभा होता. आत न जाता तो तिथूनच नकाशा बघत राहिला.

आज फॉर्म भरून झाला. परत येताना पोस्टातून परदेशी डाकेचं निळं पत्र घेतलं. व्हिएन्नाच्या म्हाताऱ्याचा तो पत्ता चालू आहे की नाही, ते घर आहे की नाही, मला माहीत नाही. इतक्या वर्षांनी आलेलं पत्र बघून त्याला वाटेल, यांना आता काय पाहिजे? वाटलं तर ते रास्तच आहे. म्हणून काय पाहिजे तेही लिहिलं: काही नाही, फक्त एवढं कळवायचं होतं की नकाशा आम्ही जपून ठेवला आहे, पेज अजून तशीच होते, आणि धाकटा आता न थांबता चालतो. तुम्हाला किती चालवतं ते कळवा, त्याप्रमाणे वेरूळच्या रेघा आम्ही आखून ठेवतो.

खाली सही केली. नाव लिहिलं, आणि त्यापुढे आडनावही.