रोज सातला बसतो

आमच्याकडे 'बसणे' या क्रियापदाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. 'काय, आज बसायचं का?' असं कुणी विचारलं की चौकशी खुर्चीची नसते, हे सगळ्यांना कळतं. मी वीसेक वर्षं बसलो. सात रस्ता चौकाजवळच्या एका कचेरीत कारकून आहे. साडेपाचला सुटायचो आणि सहाला बसलेला असायचो. बायकोचा फोन आला की "निघालो, निघालो" म्हणायचो आणि दुसऱ्या हाताने वेटरला खूण करायचो.

दवाखान्यातून दुसऱ्यांदा घरी आलो तेव्हा बायकोने भांडण केलं नाही. तिने एक बॅग भरली, पलंगाखाली सरकवली आणि म्हणाली, "आता एकदा जरी बसला, तर मी माढ्याला. न्यायला येऊ नका." माढा तिचं माहेर. ती बोलते ते करते, हे ठाऊक असल्यामुळे मी घाबरलो.

डॉक्टरांनी केसपेपरच्या मागे एक फोन नंबर लिहून दिला होता. दारू सोडलेली माणसं एकत्र जमतात, तिथला. चार दिवस तो कागद खिशात घेऊन फिरलो. शेवटी कचेरीच्या जिन्यात उभं राहून फोन लावला. पलीकडून एक म्हातारा आवाज म्हणाला, "या की, साहेब. रोज सातला बसतो आमी." मला वाटलं, फोन भलतीकडेच लागला.

नंबर बरोबर होता. जागा म्हणजे एका शाळेतला चौथीचा वर्ग. आखूड बाकांवर आठ-दहा माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसलेली, फळ्यावर दुपारचा भागाकार तसाच. फोनवरचा म्हातारा यंत्रमागावर आयुष्य काढलेला निघाला. घरी तेलुगू बोलायचा, आमच्याशी मराठी, आणि स्वतःला कुठल्याच भाषेत सवलत देत नसे. प्रत्येकाने उठून आधी 'मी दारुडा' म्हणायचं आणि मग आपलं सांगायचं, ही तिथली रीत. श्रीपूरच्या साखर कारखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ तर ते हुद्दा सांगावा तसं सांगत.

माझी पाळी आली की मी "मला थोडी सवय होती" एवढंच म्हणून खाली बसायचो. कुणी टोकत नसे. त्याचाच मला राग यायचा. आपण यांच्यातले नाही, हे स्वतःला पटवायला मी रोज त्यांच्यात जात होतो.

घरी यातलं काही सांगितलं नव्हतं. आपण टिकू याची खात्री नव्हती, म्हणून कचेरीत जादा काम आहे अशी थाप मारली होती. थापांची सवय दारूपेक्षा उशिरा सुटते. दोन महिने पार पडले की सांगू, असं ठरवलं होतं.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी मी अंघोळीला गेलो असताना म्हाताऱ्याचा फोन आला. तो बायकोने उचलला. "वहिनी, साहेबांची छत्री राहिली हितं. काल लई वेळ बसलो आमी. आज बी येतील की बसायला?"

मी बाहेर आलो तेव्हा बॅग पलंगाखालून निघाली होती. मी सगळं सांगितलं. शाळा, बाक, फळ्यावरचा भागाकार. इतकं खरं मी त्या घरात कित्येक वर्षांत बोललो नव्हतो, आणि त्यातलं एक अक्षर तिला पटलं नाही.

"शाळंत बसता?" ती म्हणाली. "चौथीच्या वर्गात?"

मला हसू आलं. तेवढंच बाकी होतं.

संध्याकाळी साडेपाचला ती बॅगेसकट कचेरीच्या दारात उभी होती. "चला, दावा मला. तिथनंच स्टँडवर जाते."

वर्गात ती शेवटच्या बाकावर बसली, बॅग मांडीवर. म्हाताऱ्याने छत्री माझ्या हातात दिली आणि तिला हात जोडले. "वहिनी, चूक माजी. तोंडात त्योच शब्द बसलाय." मग त्याने माझ्याकडे पाहिलं.

मी उठलो. 'थोडी सवय' ओठांवर आलंच होतं. पण ती थोडी होती की किती, हे तोंडपाठ असलेलं माणूस मागे बसलं होतं. "मी दारुडा," मी म्हणालो. लाज वाटली, फार वाटली. मग तिच्या वडिलांच्या दहाव्याला माढ्यात मी कुठे बसलो होतो ते सांगितलं. 'निघालो' म्हणायचो तेव्हा कधीच निघालेलो नसायचो, तेही सांगितलं. मागे वळून बघायची हिंमत झाली नाही.

ती गेलीच. मी स्टँडपर्यंत बॅग धरली. विश्वास बसला का, हे विचारता आलं नाही. एसटीच्या खिडकीतून ती एवढंच म्हणाली, "छत्री इसरू नका."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला तिचा फोन आला. "बसायला निघाला का?"

"निघालो," मी म्हणालो. सात रस्ता ओलांडत होतो. तिने फोन ठेवला नाही. रिक्षांचे हॉर्न, भाजीवाल्याची ओरड, सगळं माढ्यात बसून ऐकत राहिली. मी शाळेच्या दारात पोचलो, म्हाताऱ्याने "या की, साहेब" म्हटलं, तेव्हा तिने फोन ठेवला.